रुग्णवाहिकेत चालकाशिवाय दुसरा माणूस असायलाच हवा का?

कोरेगावकर_

नमस्कार. माझ्या भाच्याने गेल्या वर्षी प्रवासी वाहनाचा परवाना आणि बॅज काढला आणि आता साताऱ्यातील एका खासगी रुग्णवाहिकेवर चालक म्हणून त्याला विचारणा झाली आहे. पगार बरा आहे, काम घराजवळ आहे आणि मुलाचा गाडीवर हात चांगला बसलेला आहे. अडचण एवढीच आहे की त्या गाडीवर मदतनीस नाही. पेशंटला पुण्याला हलवायचे ठरले की पुढे हा एकटा आणि मागे पेशंटचा मुलगा नाहीतर भाऊ, ज्याने ऑक्सिजनचा मास्क आयुष्यात कधी हातात धरलेला नसतो. मी मालकांना विचारले, तेव्हा त्यांनी सरळ सांगितले की सगळ्या गाड्या अशाच चालतात.

माझे मत असे आहे की गंभीर पेशंट घेऊन निघालेल्या गाडीत मागे शिकलेला माणूस नसेल, तर ती सायरन लावलेली जीप झाली. आजवर आपण गाडी लवकर आली का आणि किती पैसे घेतले एवढेच विचारत आलो. मागे कोण बसणार आहे हे विचारत नाही. भाच्याने हे काम घ्यावे का, आणि अशा गाड्यांबाबत आपण नागरिकांनी आग्रह धरावा का, या दोन्ही प्रश्नांवर या क्षेत्रातील मंडळींनी आणि ज्यांच्यावर असा प्रवास करण्याची वेळ आली त्यांनी लिहावे, ही विनंती.

चाक_आणि_रस्ता

मी कराडचा. बरीच वर्षे खासगी रुग्णवाहिका चालवतो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सातारा ते पुणे हा रस्ता नकाशावर सोपा दिसतो. आनेवाडीचा टोल ओलांडला की खंबाटकीचा जुना बोगदा येतो आणि बोगद्यातून बाहेर पडताच उतारावर इंग्रजी एस अक्षरासारखे वळण आहे. तिथे किती अपघात झाले आहेत हे आपल्या भागातील प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या वळणावर मागे उभा असलेला नातेवाईक एका बाजूला फेकला जातो आणि बसलेला असला तरी त्याचा हात आधार शोधतो, म्हणजे नेमका त्याच क्षणी मास्कवरून किंवा सलाईनच्या बाटलीवरून हात निघतो. मी स्ट्रेचरचे तिन्ही पट्टे निघण्यापूर्वी स्वतः आवळतो, पण पेशंटला त्रास होतो म्हणून घरचे लोक वाटेत पट्टा सैल करतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. उतारावर माणूस पुढे सरकतो हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

आता खरा प्रसंग सांगतो. असेच एकदा बोगदा ओलांडून शिरवळच्या दिशेने निघालो असताना मागून मुलाने हाक मारली, "दादा, बाबा श्वास घेत नाहीत हो!" मी गाडी रस्त्याकडेच्या एका उजेडाच्या हॉटेलासमोर घेतली, मागे गेलो आणि छाती दाबायला सुरुवात केली. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, हे मला एका शिबिरात शिकवले होते. मुलगा रडत होता, तरी मी सांगेन तसे करत होता. पण गाडी उभी होती. मी छाती दाबत असेन तर गाडी हलणार नाही आणि मी गाडी हलवली तर छाती दाबायला कोणी नाही. ते गृहस्थ वाचले नाहीत. दुसरा शिकलेला माणूस असता तर वाचले असते असे मी म्हणणार नाही, कारण तसे ठामपणे कोणीच सांगू शकत नाही. पण आम्ही त्या वेळात रुग्णालयाच्या दाराशी तरी पोहोचलो असतो.

भाच्याने काम घ्यावे. चांगला चालक या कामाला हवाच आहे. फक्त मालकाशी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्यावे की ऑक्सिजनवरचा किंवा बेशुद्ध पेशंट मी एकट्याने नेणार नाही.

मिरज_जंक्शन

वरील प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. "गाडी उभी होती" यातच सगळे आले.

गाडीमालक_विटा

माझी स्वतःची एक रुग्णवाहिका आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला भाग आहे. मूळ लेखातील "सायरन लावलेली जीप" हे शब्द आमच्यासारख्यांना लागतात.

गाडीचा हप्ता, विमा, दरवर्षीचे पासिंग, टायर, डिझेल आणि चालकाचा पगार हे सगळे गाडी उभी असली तरी किंवा फिरली तरी द्यावेच लागते. भाड्याचे दर आरटीओकडून गाडीच्या प्रकारानुसार ठरवून दिलेले असतात. विट्याहून पुण्याला किंवा कोल्हापूरला पेशंट सोडला की गाडी रिकामी परत येते, कारण परतीचे भाडे शोधत तिथे थांबणे शोभतही नाही आणि परवडतही नाही. त्यात काही ठिकाणी पेशंट सांगणारा मध्यस्थ आपला वाटा मागतो, तो न देणाऱ्याच्या गाडीला फोन येत नाही. अशा स्थितीत मी मदतनीस ठेवला आणि त्याचे पैसे भाड्यात मिळवले, तर नातेवाईक शेजारच्या गाडीकडे जातात, कारण ती हजार रुपयांनी स्वस्त असते. रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसाला मी फरक समजावून सांगू शकत नाही.

मदतनीस नको असे मी म्हणत नाही. त्याचा पगार कोणी द्यायचा हे आधी ठरवा, मग आम्हाला दोष द्या.

सिस्टर_मिरज

गाडीमालक_विटा यांची अडचण खरी आहे आणि ती मी नाकारत नाही. पण अतिदक्षता विभागाच्या दारात मी ज्या अवस्थेतील पेशंट उतरवून घेते, ते पाहता खर्चाचा प्रश्न दुसरा आणि धोक्याचा पहिला असे मला वाटते.

दोन गोष्टी नेमक्या सांगते. पहिली ऑक्सिजनची. लहान गाड्यांत बहुधा बी टाइपचे सिलिंडर असते. त्यात पाण्याच्या मापाने दहा लिटर जागा असते आणि पूर्ण भरल्यावर सिलिंडरवरच्या दाबाच्या घड्याळात दीडशे किलोच्या आसपास दाब दिसतो. दहा गुणिले दीडशे म्हणजे साधारण १५०० लिटर ऑक्सिजन. पेशंटला मिनिटाला १० लिटर चालू असेल तर हे अडीच तास पुरते, १५ लिटर असेल तर शंभर मिनिटे. काटा अर्ध्यावर असेल तर वेळही अर्धी. जतहून मिरजेला येताना किंवा साताऱ्याहून पुण्याला जाताना वाहतूक अडली, तर अर्धे सिलिंडर वाटेतच संपते. हा गुणाकार निघण्यापूर्वी कोणीतरी करायला हवा, आणि दुसरे सिलिंडर गाडीत आहे का, ते बदलण्याची चावी कुठे आहे, हेही पाहायला हवे. सिलिंडर रिकामे झाल्यावर मास्क तोंडावर तसाच धरून बसलेले नातेवाईक मी पाहिले आहेत. ऑक्सिजन किती सुटतो ते दाखवणाऱ्या फ्लोमीटरमधली गोळी खाली बसली आहे हे त्यांच्या लक्षातच आलेले नसते.

दुसरी गोष्ट उलटीची. अर्धवट शुद्धीतल्या पेशंटला उताणे झोपवून नेतात, गाडीच्या हेलकाव्यांनी उलटी होते आणि ती श्वासनलिकेत जाते. मानेला किंवा मणक्याला मार नसेल तर अशा पेशंटला कुशीवर वळवायचे असते आणि सक्शन, म्हणजे तोंडातली घाण ओढून घेणारे यंत्र, असेल तर तोंड साफ करायचे असते. हे काम काही सेकंदांत व्हावे लागते. घरचा माणूस त्या वेळी पेशंटला उठवून बसवायला जातो, तेही प्रेमापोटीच.

आणखी एक. रुग्णवाहिकांची राष्ट्रीय संहिता, म्हणजे एआयएस १२५, गाड्यांचे चार प्रकार करते. ए म्हणजे प्राथमिक मदत घेऊन पोहोचणारे वाहन, बी म्हणजे ज्यांची प्रकृती वाटेत बिघडण्याची शक्यता नाही अशा पेशंटची ने-आण करणारी गाडी, सी म्हणजे मूलभूत जीवरक्षक आणि डी म्हणजे प्रगत जीवरक्षक गाडी. डायलिसिसला जाणाऱ्या आजोबांना किंवा प्लॅस्टर घातलेल्या मुलाला बी प्रकारच्या गाडीतून एकटा चालक नेत असेल तर माझी काहीच हरकत नाही. आपल्याकडे त्याच गाडीत व्हेंटिलेटरच्या उंबरठ्यावरचा पेशंट चढवला जातो, भांडण त्याच्याशी आहे.

निंबळक_नाका

मग १०८ ला फोन का करत नाहीत लोक? ती मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो असे ऐकले आहे.

रात्रपाळी_डॉक्टर

ऐकलेले बरोबर आहे. मी त्या सेवेत सांगली जिल्ह्यात काही काळ काम केले, म्हणून उत्तर देतो.

राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. गाड्या दोन प्रकारच्या आहेत, मूलभूत आणि प्रगत, आणि दोन्हींत चालकासोबत डॉक्टर असतो. चालकाला आम्ही पायलट म्हणतो. माझ्या मते या सेवेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य हेच की उपचार गाडी पोहोचल्या क्षणापासून सुरू होतात. विषप्राशन, अपघात, प्रसूती, सर्पदंश, छातीतले दुखणे यांत पहिल्या अर्ध्या तासात जे करता येते ते गाडीतच होते.

मर्यादाही सांगायला हव्यात. या गाड्यांचे मूळ काम घटनास्थळावरून जवळच्या योग्य रुग्णालयात पोहोचवण्याचे आहे. तालुक्याला गाड्या मोजक्या असतात. एक गाडी पेशंट घेऊन पुण्याला गेली, तर परत येईपर्यंत त्या भागातील अपघाताला लांबून गाडी बोलवावी लागते. एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हलवण्याचे कामही ही सेवा करते, पण गाडी मोकळी असेल आणि पुढच्या रुग्णालयात खाट निश्चित असेल तेव्हा. खासगी रुग्णालयातून दुसऱ्या खासगी रुग्णालयात जाणारे बहुतेक पेशंट म्हणूनच खासगी गाडीने जातात.

फोनविषयी एक सूचना. तुमचा फोन पुण्यातील नियंत्रण कक्षात लागतो. तिथल्या माणसाला तुमचा मळा, तुमची वस्ती ठाऊक असणे शक्य नाही, आणि एकाच नावाची गावे आपल्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत भरपूर आहेत. म्हणून आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव आणि शेवटी ठळक खूण, या क्रमाने सांगा आणि एक माणूस बॅटरी घेऊन डांबरी रस्त्यावर उभा करा. मळ्यातल्या वस्तीवर पोहोचताना शेवटच्या एका किलोमीटरात जेवढा वेळ जातो, तेवढा कधीकधी आधीच्या पंधरात जात नाही.

मळ्यातली_आशा

मी वाळवा तालुक्यात आशा म्हणून काम करते. १०२ च्या गाडीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. ही गाडी गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे असते. तिच्यात चालकदादा असतात आणि मागे बहुतेक वेळा मीच असते. म्हणजे मदतनीस म्हणून कोणी नेमलेले नसले, तरी ते काम आमच्यावर येते.

गळीत हंगामात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्यातल्या बाया शेवटच्या दिवसापर्यंत मोळ्या उचलतात आणि कळा सुरू झाल्यावरच कोपीतून, म्हणजे त्यांच्या झोपडीतून, निरोप येतो. अशाच एका बाईची प्रसूती गाडीत झाली. चालकदादांनी गाडी बाजूला घेतली, आतला दिवा लावला आणि स्वतः बाहेर रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले. मी बाळाला कोरड्या कापडाने पुसले, आईच्या उघड्या छातीवर ठेवले आणि दोघांवर तिचीच शाल घातली. नाळ ओढली नाही, घाई केली नाही. बाळ रडले तेव्हा बाहेर त्या दादांनी मोठ्याने "पांडुरंगा!" म्हटले ते मला आत ऐकू आले. आई आणि बाळ दोघेही सुखरूप आरोग्य केंद्रात पोहोचले.

माझे म्हणणे एवढेच आहे की मदतनिसांमध्ये बायकाही असाव्यात. परक्या पुरुषासमोर कमरेचे वस्त्र सैल करायला लागेल म्हणून किती बायका कळा सोसत गप्प राहतात, ते आम्हाला विचारा.

कोरेगावकर_

ताई, तुमचा प्रतिसाद घरी सगळ्यांना वाचून दाखवला. महिला मदतनिसांचा मुद्दा माझ्या मनात आला नव्हता, तो मांडल्याबद्दल आभार.

दुष्काळी_जत

जत तालुक्यातील परिस्थिती वेगळी आहे. आमच्या पूर्व भागात, संख-उमदीकडे, घराघरांत कन्नड बोलली जाते. मिरजेला नेताना पेशंट म्हातारा असेल तर त्याला मराठी येतेच असे नाही, आणि चालक कराड-इस्लामपूरकडचा असेल तर त्याला कन्नड येत नाही. छातीत दुखते आहे की पोटात, आधीपासून मधुमेह आहे का, शेवटची गोळी कधी घेतली, हे विचारणारा माणूस त्या भाषेत विचारू शकला पाहिजे. मिरजेत १८९४ साली मिशनचे रुग्णालय सुरू झाले तेव्हापासून सीमेपलीकडून, अथणी-कागवाडकडून पेशंट येत आले आहेत. तिथल्या रुग्णालयांत कन्नड जाणणारे कर्मचारी आवर्जून सापडतात. गाड्यांमध्ये मात्र तसे कोणी पाहत नाही.

सर्पदंशाबद्दलही सांगतो, कारण आमच्याकडे तो नित्याचा आहे. मण्यार चावली तर सूज नसते, दुखत नाही, माणूस चांगला बोलत असतो आणि मग पापण्या जड होऊ लागतात. त्यानंतर गिळणे बंद होते आणि शेवटी श्वास थांबतो. मागे बसलेल्या माणसाला पापण्यांचा अर्थ कळत असेल तर तो वाटेतल्या ग्रामीण रुग्णालयात गाडी वळवायला सांगेल आणि लस तिथेच सुरू होईल. कळत नसेल तर "झोप लागली वाटतं" असे म्हणून ते मिरजेपर्यंत तसेच येतील.

सिस्टर_मिरज

दुष्काळी_जत, पापण्यांचा मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे. त्यात एवढेच जोडते की चावलेल्या हाता-पायाला करकचून दोरी बांधू नये, कापू नये, चोखू नये. तो भाग पट्टीने किंवा लाकडाच्या आधाराने हलणार नाही असा ठेवावा आणि पेशंटला चालवत गाडीपर्यंत आणू नये.

साखरवाडी_रोड

थोडे हलके लिहितो. माझ्या आजीला फलटणहून पुण्याला नेत होतो. तिला चांगलीच धाप लागली होती आणि गाडीतला मदतनीस तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडे लिहीत होता. आजीने मास्क बाजूला केला आणि त्याला विचारले, "बाळा, सकाळपासून काही खाल्लंस का?" तो म्हणाला, "आजी, तुमचा आकडा पंच्याण्णवच्या वर गेला की खातो." पुढचा सगळा रस्ता आजी दर पाच मिनिटांनी आकडा विचारत राहिली आणि मास्क तोंडावरून काढेना! आज ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि त्या मुलाच्या लग्नालाही जाऊन आली.

चाक_आणि_रस्ता

साखरवाडी_रोड, आजींना नमस्कार सांगा. पेशंटशी बोलत राहणे हे मोठे औषध आहे आणि ते चालकाला देता येत नाही.

कृष्णाघाट

विषयाला धरूनच एक तक्रार मांडतो. मदतनीस असो वा नसो, रस्ताच मिळत नसेल तर काय उपयोग? डिसेंबर ते मार्च या काळात सांगली-इस्लामपूर रस्त्यावर रात्री ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने भरून चालतात. अनेकांना मागे दिवा नसतो, लाल कापड किंवा रिफ्लेक्टरही नसतो, आणि चालकाने मोठ्याने गाणी लावलेली असल्यामुळे सायरन ऐकू जात नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ई नुसार आपत्कालीन वाहनाला वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, पण हे ट्रॅक्टरवाल्यांपर्यंत कोणी पोहोचवले आहे का? कारखान्यांकडून हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतली जाते, ती प्रत्येक ट्रॉलीपर्यंत जायला हवी.

तोडणी_वाहतूक

मी ऊस वाहतूक करतो. कृष्णाघाट यांचा राग योग्य आहे. पण भरलेली जोड ट्रॉली चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलताना उलटण्याची भीती असते आणि साइडपट्टी खचलेली असेल तर खाली उतरवता येत नाही. गाडीने मागून नुसता सायरन न वाजवता दिव्याची उघडझाप केली, तर आम्हाला आरशात लवकर दिसते आणि पुढची रुंद जागा गाठून आम्ही बाजूला होतो. आमच्या गावात आम्ही सगळ्या चालकांनी गाणी हळू आवाजात लावायचे ठरवले आहे.

चाक_आणि_रस्ता

दिव्यांची सूचना चांगली आहे, मी ती पाळेन. वाट देण्याच्या बाबतीत मी जे सर्वांत सुंदर पाहिले ते लोणंदला, माउलींच्या पालखीच्या मुक्कामात. रस्ताभर माणूसच माणूस होते आणि गाडीत उन्हाने कोसळलेले एक वारकरी होते. मदतनीस पुढे उतरून चालत होता, हात जोडून "माउली, वाट द्या" म्हणत होता. सायरन मी बंदच ठेवला होता. दिंड्या आपोआप दोन्ही बाजूंना सरकत गेल्या. तिथेही एकटा असतो तर गाडीतून उतरू शकलो नसतो.

कांदाटी_खोरे

आमच्याकडे रस्त्याच्या आधी पाणी येते. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या गावांतून पेशंटला आधी झोळीत किंवा खाटेवर घालून काठापर्यंत आणायचे, मग लाँचने तापोळ्याला किंवा बामणोलीला उतरायचे आणि तिथून गाडी. पावसाळ्यात महाबळेश्वरच्या धुक्यात चालकाला दहा फुटांपुढचे दिसत नाही. अशा वेळी दुसरा माणूस खिडकीतून बाहेर पाहत रस्त्याची कड सांगतो. मदतनीस मागे बसण्यासाठी असतो हे खरे, पण घाटात तो चालकाचे डोळेही होतो. चढ-उतारावर स्ट्रेचर उचलायलाही चार हात लागतात. एका बाजूला घाबरलेला पुतण्या आणि दुसऱ्या बाजूला चालक, अशा जोडीच्या हातातून स्ट्रेचर निसटण्याचा धोका मोठा असतो.

उलट_तपासणी

माझे मत थोडे वेगळे आहे. मदतनीस नेमला म्हणजे तो शिकलेला असेलच असे नाही. पांढरा कोट घालून बसवलेला मुलगा मी पाहिला आहे, ज्याला सिलिंडर उघडता येत नव्हते. कागदावर दोन माणसे दाखवण्याची सक्ती झाली तर असेच होईल. त्यापेक्षा चालकालाच नीट शिकवा.

रात्रपाळी_डॉक्टर

उलट_तपासणी यांची भीती निराधार नाही, पण निष्कर्षाशी मी असहमत आहे. चालक कितीही शिकला तरी त्याचे हात स्टीअरिंगवर असतात, हे वर चाक_आणि_रस्ता यांनी स्वानुभवातून सांगितले आहे. मदतनीस शिकलेला हवा हे मान्य. त्यासाठी बारावीनंतरचे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचे अभ्यासक्रम आहेत आणि २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोग कायद्यात या व्यवसायाचाही समावेश आहे. आपल्या भागात नर्सिंग आणि फार्मसीकडे जाणाऱ्या मुलामुलींना या वाटेची माहितीच नसते.

आणि एक कायदेशीर बाब, कारण अपघाताच्या जागी मदत करणारे लोक अजूनही पोलिसांच्या चौकशीला घाबरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ ए ने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख न भरता उपचार मिळू शकतात. गाडीतल्या माणसाला हे ठाऊक असेल तर तो नातेवाइकांची वाट न पाहता थेट योग्य ठिकाणी जाईल. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदतीचा फोन क्रमांकही लक्षात ठेवा.

गाडीमालक_विटा

सगळे प्रतिसाद वाचले. सिस्टर_मिरज यांनी बी प्रकाराबद्दल जे लिहिले ते मला पटले. डायलिसिसचा पेशंट आणि ऑक्सिजनवरचा पेशंट यांना एकच नियम लावणे चूक आहे, आणि आपली बरीच ओढाताण त्यामुळेच होते.

आमच्या भागातील आणखी दोन मालकांशी काल बोललो. एका गाडीला पूर्णवेळ टेक्निशियन परवडत नाही, पण तिघांनी मिळून दोन जण ठेवले तर दिवसा एक आणि रात्री एक असे जमू शकते. गंभीर पेशंट तिन्ही गाड्यांना एकाच वेळी क्वचितच येतात. दरपत्रकात "टेक्निशियनसह" आणि "टेक्निशियनशिवाय" असे दोन वेगळे आकडे लिहून गाडीच्या दारावरच लावायचे, म्हणजे नातेवाइकांना रात्री समजावत बसावे लागणार नाही. रेफर करणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर "सोबत प्रशिक्षित व्यक्ती आवश्यक" एवढी एक ओळ लिहिली, तर स्वस्त गाडी शोधणारे लोकही थांबतील. ती ओळ लिहिण्याचा आग्रह नागरिकांनी जरूर धरावा. मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला माझे हे उत्तर समजावे.

सिस्टर_मिरज

गाडीमालक_विटा, मनापासून अभिनंदन. चिठ्ठीवरच्या ओळीसोबत निघतानाची नाडी, रक्तदाब, ऑक्सिजनची पातळी आणि दिलेली औषधे वेळेसह लिहिलेली असावीत. मागे बसलेला माणूस दर पंधरा मिनिटांनी त्याखाली पुढचे आकडे लिहीत आला, तर आम्हाला पेशंट उतरवताच दिशा कळते.

वारणाकाठ

या चर्चेत चालकांच्या मनाचा विचार यावा असे वाटते. माझा मोठा भाऊ हे काम करतो. २०१९ च्या महापुरात, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते तेव्हा, तो घरी न येता गाडीतच झोपायचा. त्यानंतर कोरोना आला. बाहेरून लोकांना त्याचे धाडस दिसते. आम्हाला दिसते ते एवढेच की लहान मूल दगावलेल्या दिवशी तो घरी येतो, आंघोळ करतो आणि आमच्या पोरांना जवळ घेऊन अवाक्षर न बोलता बसतो. गाडीवर दुसरा माणूस आल्यापासून तो त्याच्याशी बोलतो. ज्याने तेच पाहिले आहे, त्याच्याशीच तो बोलू शकतो. पगाराच्या आणि सुट्टीच्या मागण्यांइतकेच हेही महत्त्वाचे आहे.

चाक_आणि_रस्ता

वारणाकाठ, तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. तुम्ही लिहिले ते आम्ही कोणी स्वतःहून लिहिले नसते.

कोरेगावकर_

सर्वांचे आभार. भाच्याने हा संपूर्ण धागा वाचला आणि परवा मालकांना जाऊन भेटला. ऑक्सिजनवरचा, बेशुद्ध किंवा प्रसूतीचा पेशंट असेल तर सोबत प्रशिक्षित माणूस दिला जाईल आणि तो मिळाला नाही तर ते भाडे दुसऱ्या गाडीला दिले जाईल, असे मालकांनी मान्य केले आहे. शब्द लेखी घ्या असे मी सुचवले, त्यालाही त्यांनी हरकत घेतली नाही. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून तो कामावर रुजू होईल. त्याआधी त्याने काय तयारी करावी, एवढे सांगावे.

चाक_आणि_रस्ता

गाडी हातात आली की आधी मागचा भाग पाहायला सांगा. स्ट्रेचरचे कुलूप धक्का देऊन तपासावे, दोन्ही सिलिंडरांचे काटे वाचावेत, सक्शन चालू करून पाहावे आणि सिलिंडरची चावी दोरीने बांधून ठेवावी. मग टायर आणि ब्रेक. रुग्णालयांची रात्रीची दारे कोणती आणि उतार कुठल्या बाजूला आहे, हे दिवसा एकदा चालत जाऊन बघावे.

सिस्टर_मिरज

आणि कामावर रुजू होण्यापूर्वीच हेपटायटिस बी च्या लसीचा पहिला डोस घ्यावा. दुसरा एक महिन्याने आणि तिसरा सहाव्या महिन्यात असतो. रक्ताशी रोज संबंध येणार आहे. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले नसेल तर तेही त्याच वेळी घ्यावे, आणि हातमोज्यांचा एक डबा मालकांच्या भरवशावर न राहता स्वतःच्या सीटखाली ठेवावा.